चाळीस यार्डांचा हिशेब

ओहायो राज्यात सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तो फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतो. बंदुकीच्या वाट्याला मुख्यतः थँक्सगिव्हिंगनंतरचा एक आठवडा आणि वर एक शनिवार-रविवार, एवढंच येतं. ज्याला चार महिने रानात बसायचं आहे, त्याला धनुष्यच हाती घ्यावं लागतं. आणि १९८२पासून इथे त्या सबंध हंगामात क्रॉसबो, म्हणजे दस्त्यावर आडवं बसवलेलं आणि खटक्यानं सुटणारं धनुष्यही चालतं. त्यामुळे उन्हाळा सरत आला की दुकानांत काउंटरमागच्या भिंतीवर नवी मॉडेलं चढतात. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एक आकडा बाकी सगळ्यांपेक्षा ठळक असतो: ३९०, ४३०, ४७०, ५००. बाण सेकंदाला किती फूट जातो, तो आकडा.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ३०० फुटांचा क्रॉसबो चांगला वेगवान समजला जाई. आज ४०० म्हणजे मधली श्रेणी. वरच्या टोकाच्या मॉडेलांची किंमत दोन-तीन हजार डॉलरच्या घरात गेली आहे. एवढे पैसे मोजणाऱ्याला नेमकं काय मिळतं? शिकाऱ्याला काय मिळतं आणि हरणाला काय, हे दोन्ही हिशेब मांडले, की भिंतीवरचा ठळक आकडा जरा फिका पडतो आणि चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या गोष्टी वर येतात.

आधी हरणाचा प्रश्न

मराठी वाचकाच्या मनात त्याआधीचा प्रश्न येणार: शिकार मुळात करायचीच कशाला? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारकथा हा जुन्या पिढीच्या कपाटातला ऐवज झाला. हरीण मारणं म्हणजे गुन्हा, हे आपल्या हाडीमाशी भिनलं आहे, आणि आपल्या जंगलांची स्थिती पाहता ते योग्यही आहे.

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीनं त्याची संख्या काही लाखांवर आली होती. मग रानातल्या मांसाचा व्यापार बंद झाला, हंगाम ठरले, परवाने आले. आज देशात ही हरणं तीन कोटींच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. हरणं वाढेपर्यंत ओहायो-इंडियानासारख्या राज्यांतून लांडगे आणि प्यूमा नाहीसे झाले होते. शेतं, वस्त्या आणि मधेमधे राखलेल्या झाडीचे पट्टे ही तर हरणाची आवडती जागा. रस्त्यावर गाडी हरणाला धडकण्याचे प्रकार देशभरात वर्षाला दहा लाखांहून अधिक होतात. संख्या आवाक्यात ठेवण्याचं राज्यांच्या वन्यजीव खात्यांचं मुख्य साधन म्हणजे परवाना घेऊन रानात जाणारा सामान्य शिकारी. त्यातच वन्यजीव खात्यांच्या खर्चाचा मोठा वाटा त्याच्याच खिशातून येतो: १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवर लावलेला कर १९७२च्या दुरुस्तीनंतर धनुष्यांनाही लागू झाला. धनुष्यावर तो ११ टक्के आहे. नवा क्रॉसबो विकला जातो तेव्हा त्याच्या किमतीतला थोडा भाग हरणांच्या गणतीकडे आणि अधिवासाकडे वळतो.

शिकारी मात्र म्हातारे होत चालले आहेत, आणि इथेच क्रॉसबोचं महत्त्व वाढतं. साधं कंपाउंड धनुष्य हरीण समोर आल्यावर ओढायचं आणि नेम लागेपर्यंत ताणून धरायचं, हे साठीनंतर, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना झेपत नाही. क्रॉसबो एकदा ताणून खटक्यात अडकवला की ताण यंत्र सांभाळतं. मी ज्या दुकानात गेलो तिथे चौकशी करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक डोकी पांढरी होती. त्यांतल्या एकानं उजवा हात खांद्यापर्यंत उचलून दाखवला. त्याच्या वर तो जात नव्हता. क्रॉसबो नसता तर हंगाम घरी बसूनच काढला असता, एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा किमतीच्या चिठ्ठ्या वाचू लागला.

बळ कुठे साठतं

क्रॉसबोची रचना कळायला दोन मापं पुरतात: दोरी ओढायला लागणारं बळ आणि सुटल्यावर दोरी बाणाला जेवढं अंतर ढकलते ती तिची धाव. बाणाला मिळणारी ऊर्जा या दोन्हींवर अवलंबून असते. हातातल्या धनुष्याची धाव लांब, बळ कमी. क्रॉसबोची धाव आखूड, म्हणून बळ जास्त.

मध्ययुगीन युरोपातल्या पोलादी क्रॉसबोंनी सगळा भर बळावर दिला. राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज हौशी संशोधकानं १९०३मध्ये या हत्यारावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्याकडच्या जुन्या पोलादी क्रॉसबोची ओढ १,२०० पौंडांची होती आणि त्यानं त्यातून ४०० यार्डांहून लांब बाण मारून दाखवला. पण दोरीची धाव जेमतेम काही इंच, आणि साठवलेल्या ऊर्जेतली बरीचशी त्या जड पोलादी पात्यांना स्वतःलाच पुढे फेकण्यात खर्च होई. आजचा क्रॉसबो २०० पौंडांच्या आसपासच्या ओढीवर त्याहून बराच वेगवान बाण सोडतो, कारण पाती काचतंतूंच्या हलक्या मिश्रणाची असतात, फार थोडी हलतात, आणि दोरीची धाव बारा ते पंधरा-सोळा इंचांपर्यंत वाढवलेली असते.

४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ४०० फुटांनी सुटला तर त्यात जवळपास १९० ज्यूल ऊर्जा असते. दोरीची धाव तेरा इंच धरली तर हा वेग गाठायला बाणाला साडेपाच सहस्रांश सेकंद लागतात. त्या वेळात त्याच्यावरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून अधिक असतं. हरणासाठी वापरतात त्या मध्यम रायफलच्या गोळीत मात्र याच्या सुमारे वीसपट ऊर्जा असते. म्हणजे क्रॉसबोचा बाण धक्क्यानं मारत नाही. तो कापतो. टोकाचं ब्रॉडहेडचं पातं फुप्फुसांतून आरपार गेलं तर रक्तस्राव होऊन हरीण काही सेकंदांत कोसळतं. चार बोटं मागे लागलं, पोटात गेलं, तर ते तासन्‌तास यातना भोगतं आणि बहुधा सापडतही नाही. क्रॉसबोच्या गुणदोषांची सगळी चर्चा या चार बोटांच्या फरकापाशी येऊन थांबते.

तीन घराणी

सध्याच्या बाजारात रचनेची ठळक तीन घराणी दिसतात.

पहिलं रिकर्व्हचं. कॅनडात ओंटारियोमधल्या किचनर शहरातली एक्सकॅलिबर कंपनी त्याची मोठी पुरस्कर्ती. यात कॅम, म्हणजे पात्यांच्या टोकांवर फिरणाऱ्या चकत्या नाहीत, केबल नाहीत. दोन वक्र पाती आणि एक दोरी. बिघडण्यासारखं फारसं काही नाही. दोरी तुटली वा झिजली तर शिकारी ती रानात बसून बदलू शकतो. किंमत मोजायची ती रुंदीत: पाती पसरलेली, दोन फूट आणि जुन्या मॉडेलांत त्याहूनही जास्त. वेगही बाकीच्यांच्या मानानं कमी, आणि तो मिळवायला ओढ जड ठेवावी लागते.

दुसरं रिव्हर्स ड्रॉचं. इथे पाती उलटी बसवतात, त्यांची टोकं पुढे आणि मुळं शिकाऱ्याकडे. त्यामुळे दोरी अगदी पुढून सुरू होते आणि तेवढ्याच लांबीच्या दस्त्यात धाव कितीतरी वाढते. धाव वाढली की कमी ओढीत तोच वेग मिळतो. वजनही शरीराकडे सरकतं, नाक खाली झुकत नाही. उभ्यानं, टेकूशिवाय नेम धरणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

तिसरं घराणं सगळ्यांत नवं, अरुंद क्रॉसबोचं. विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावच्या रॅव्हिन कंपनीनं २०१७च्या सुमारास ते बाजारात आणलं आणि बाकीच्यांना आपले आराखडे पुन्हा मांडायला लावले. पूर्वीच्या कंपाउंड क्रॉसबोत केबल एका बाजूनं ओढत, कॅम कलंडत, आणि कॅम फार फिरू शकत नसत. रॅव्हिननं कॅमच्या वर-खाली मळसूत्रासारख्या खाचा कोरल्या. रहाटावर दोर एकाशेजारी एक वेढे घेत बसावा तशी केबल त्या खाचांत गुंडाळली जाते, स्वतःवर चढत नाही. कॅम समतल राहतो आणि जवळजवळ पूर्ण वर्तुळ, ३४० अंश, फिरतो. एवढी दोरी कॅममधूनच मिळत असल्यामुळे पात्यांना पसरण्याची गरज उरत नाही. ताणलेल्या अवस्थेत दोन कॅमच्या आसांमधलं अंतर सहा इंचांवर आलं. बाण आणि दोरी पन्हळीला न घासता अधांतरी धावतात, त्यामुळे घर्षण कमी आणि दोरी जास्त टिकते.

अ‍ॅक्रनजवळ राहणारा माझा एक मित्र मूळचा साताऱ्याचा, पेशानं यंत्र अभियंता. शिकारीचा सक्तीचा सुरक्षा अभ्यासक्रम त्यानं रीतसर पूर्ण केला आहे. मी वेगाचे आकडे सांगू लागलो तर म्हणाला, "अरे, ते सोड. मचाणावर सहा इंच आणि अठरा इंच यांतला फरक तिथल्या फांद्यांना विचार." झाडाच्या खोडाला बांधलेल्या वीतभर रुंदीच्या फळीवर, पंधरा-वीस फूट उंचावर, शिकारी बसलेला असतो. हरीण डावीकडून आलं तर क्रॉसबो खोडाला किंवा फांदीला न टेकवता वळवायचा असतो. पातं सुटताना लाकडावर आपटलं तर नेम जातो आणि पातं फुटू शकतं. अरुंद क्रॉसबोचा खरा फायदा इथे आहे. तो रोजचा आहे, आणि तो कुठल्याही वेगाच्या आकड्यात दिसत नाही.

या घराण्याचे तोटेही त्याच रचनेतून येतात. केबल-कॅमची गुंतागुंत जास्त. दोरी बदलायला विशेष दाब-यंत्र आणि जाणता हात लागतो, म्हणजे हंगामाच्या मधोमध बिघाड झाला तर दुकान गाठणं आलं. बाणाच्या मागच्या खाचेनं दोरीवर पक्की पकड घ्यावी लागते. ती अर्धवट बसली तर दोरी बाणाला सोडून निसटू शकते. ज्या बाणांसाठी यंत्र बनवलं तेच बाण वापरायचे, स्वस्तातले उचलायचे नाहीत.

आवाज आणि बाण

आता त्या ठळक आकड्याकडे वळू. वेगाचा खरा उपयोग काय? दुकानदाराचं उत्तर तयार असतं: हरणाला हलायला वेळ मिळत नाही.

हे खरं आहे, आणि कागदावर मोजताही येतं. खटका दाबताच मोठा आवाज होतो. आवाज सेकंदाला साधारण १,१२५ फूट जातो, म्हणजे सगळ्यांत वेगवान क्रॉसबोच्या बाणाच्याही दुप्पट. तो आधी पोचतो. सावध हरीण पळायच्या तयारीत आधी पाय दुमडून खाली बसकण मारतं, आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो किंवा भलतीकडे लागतो.

हरीण ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर आहे असं धरू. ३०० फुटांच्या बाणाला तिथवर जायला ०.४० सेकंद लागतात, आवाजाला ०.११. मधला ०.२९ सेकंद हरणाचा. बाण ४०० फुटांचा असेल तर तो ०.३० सेकंदांत पोचतो आणि हरणाला उरतात ०.१९ सेकंद. ऐकून हलायला ०.१ सेकंद जातो असं धरलं आणि ते गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणानंच खाली येतं असं मानलं, तर पहिल्या बाणापुढे ते जवळपास १८ सेंटीमीटर खाली गेलेलं असेल, दुसऱ्यापुढे चार. फुप्फुसांचा भाग साधारण वीस सेंटीमीटर व्यासाचा असतो. म्हणजे मधोमध नेम धरला तर पहिला बाण चुकतो, दुसरा लागतो. शंभर फुटांच्या वाढीव वेगानं इथे हरणाचे हाल टाळले.

पण दुकानात पुढचं वाक्य ऐकू येतं: "यातून साठ यार्डांवरही मारता येतं." इथे हिशेब उलटतो. ६० यार्ड म्हणजे १८० फूट. ४०० फुटांच्या बाणाला ०.४५ सेकंद, आवाजाला ०.१६. हरणाला उरले पुन्हा ०.२९ सेकंद. जुन्या ३०० फुटांच्या क्रॉसबोनं ४० यार्डांवर मारताना हरणाला जेवढा वेळ मिळत होता, अगदी तेवढाच. वाटेत हवेमुळे बाण मंदावतो, तो भाग तर मी धरलेलाच नाही. शिकारी वीस यार्ड मागे सरकला आणि नव्या यंत्रानं दिलेलं सगळं दान हरणाच्या हिश्श्यातून काढून घेतलं.

अंतराचा अंदाज चुकण्याचंही तसंच. ४०० फुटांच्या बाणाचा नेम ३० यार्डांना लावला आणि हरीण प्रत्यक्षात ३५ यार्डांवर निघालं, तर बाण सुमारे पाच सेंटीमीटर खाली लागतो, चालून जातं. ६० समजून ६५ निघालं तर चूक नऊ सेंटीमीटरवर जाते, म्हणजे मधोमध धरलेला नेम फुप्फुसांच्या खालच्या काठावर. अंतर मोजणारा रेंजफाइंडर ही चूक टाळतो, पण हरीण मोजमापानंतर दोन पावलं चाललं तर ते त्याला सांगता येत नाही. कागदी लक्ष्यावर १०० यार्डांवर सुरेख गट पाडणारा क्रॉसबो हरणावर ४० यार्डांचाच असतो, कारण कागद आवाज ऐकत नाही.

अंगठा, दोरी आणि अंधार

बारीक अक्षरांतल्या गोष्टींत सगळ्यांत मोलाची म्हणजे ताण उतरवण्याची सोय. क्रॉसबो ताणायला दोरीचं साधं साधन वापरलं तर ओढ निम्मी होते, म्हणजे २०० पौंडांचे शंभर. तरी तेवढे दोन्ही हातांनी उचलावेच लागतात. दांडा फिरवायची गुंडाळणी असेल तर काही किलोंचं बळ पुरतं. पण संध्याकाळी हरीण आलंच नाही तर? जुन्या क्रॉसबोंचा ताण उतरवायचा खात्रीचा मार्ग एकच: एक जुना बाण मऊ मातीत किंवा लक्ष्यात मारायचा. अंधार पडलेला, थंडीनं बोटं बधिर, आणि हातात ताणलेलं यंत्र. ओहायोतल्याच मोगाडोर गावची टेनपॉइंट, रॅव्हिन, एक्सकॅलिबर अशा कंपन्यांनी आता दांडा उलटा फिरवून ताण हळूहळू उतरवायची सोय दिली आहे. काही रचनांत तर हात निसटला तरी गुंडाळणी जागेवर थांबते. शंभर फूट वेगापेक्षा ही एक सुधारणा शिकाऱ्याच्या जास्त कामाची.

बाण न लावता खटका दाबला तर सव्वीस ग्रॅमच्या बाणात जायची सगळी ऊर्जा पाती, केबल आणि कॅम यांच्यातच फुटते. क्रॉसबो अक्षरशः मोडू शकतो. बाण नसेल तर खटकाच अडकून राहील अशी अडवणूक आता जवळजवळ सर्वत्र असते. अंगठ्याचा धोका मात्र अजून माणसाच्या सवयीवर आहे. पुढचा हात पन्हळीखाली धरायचा. अंगठा वर आला तर सुटणारी दोरी तो छाटून नेते. म्हणून आजकाल दस्त्याला दोन्ही बाजूंनी पंख दिलेले असतात. दुकानात क्रॉसबो खांद्याला लावून पाहावा, जाड हातमोजे घालून पाहावा आणि अंगठा त्या पंखाखाली आपोआप बसतो का ते तपासावं.

मचाणावर चढताना यंत्र पाठीवर घ्यायचं नाही. न ताणलेलं, बाण न लावलेलं, दोरानं मागून वर ओढायचं आणि स्वतः कंबर-छातीचा पट्टा झाडाला बांधूनच बसायचं. हा नियम क्रॉसबोइतकाच महत्त्वाचा, कारण मचाणावरून पडणं हे इथल्या शिकाऱ्यांच्या गंभीर इजांचं एक मोठं कारण आहे. आखूड आणि अरुंद यंत्र वर ओढताना फांद्यांत अडकत नाही, हा आणखी एक फायदा.

धनुष्यवाल्यांची तक्रार

या हत्याराविरुद्धची तक्रार नऊशे वर्षं जुनी आहे. ११३९च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेनं ख्रिस्ती माणसांविरुद्ध धनुर्धर आणि क्रॉसबोधारी वापरायला मनाई केली. कुणी फारसं ऐकलं नाही आणि ११९९मध्ये इंग्लंडच्या राजा रिचर्डला क्रॉसबोच्याच बाणाची जखम भोवली. वर्षानुवर्षं तालीम घेतलेल्या धनुर्धराचं काम थोड्या सरावाचा माणूस करू शकतो, ही तेव्हाची भीती आणि आजचीही. १९६१मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब, धनुष्यानं केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारी अमेरिकेतली मानाची संस्था, क्रॉसबोची शिकार नोंदवत नाही. ओरेगन राज्यानं शिकारीसाठी क्रॉसबो वर्ज्य ठरवला आहे. ब्रिटनमध्ये तर कुठल्याही धनुष्यानं शिकार करता येत नाही.

धनुष्यवाल्यांचा युक्तिवाद टाकाऊ नाही. धनुष्याचा हंगाम लांब असतो, कारण धनुष्यानं हरीण मिळणं अवघड. साधन सोपं झालं तर हंगाम आखडावा लागेल. पण ओहायोत क्रॉसबो चार दशकं त्याच हंगामात आहे आणि हंगाम अजूनही चार महिन्यांचाच आहे. विस्कॉन्सिननं २०१४मध्ये तो सर्वांना खुला केला, तिथेही हरणं संपली नाहीत. मर्यादा खातं ठरवतं. हत्यार कुठलंही असो, एका माणसाला ठरलेलीच हरणं मिळतात.

त्यांच्या तक्रारीतला मला पटलेला भाग वेगळा आहे. धनुष्यवाला अंतराची मर्यादा स्वतःच्या दंडातून शिकतो. वीस यार्डांपलीकडे आपला हात थरथरतो, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो हरीण जवळ येईपर्यंत वाट पाहतो. स्कोप लावलेला, टेकूवर ठेवलेला क्रॉसबो हात थरथरू देत नाही. मर्यादा यंत्रातून गेली की ती माणसानं मनात ठेवावी लागते, आणि तशी ठेवायला कुठलाही कारखाना शिकवत नाही.

मग घ्यावा का?

ओहायोचा कायदा हरणासाठी क्रॉसबोची किमान ओढ ७५ पौंड मागतो. भिंतीवरचं स्वस्तातलं मॉडेलही त्याच्या दुपटीनं पुढे असतं. म्हणजे हरीण मारायला पुरेशी ताकद हा प्रश्न केव्हाच सुटला आहे; वाढीव ताकदीनं फक्त चुकीला वाव कमी करायचा आहे.

या कसोटीवर अरुंद रचना चांगली उतरते. मचाणावर बसणाऱ्यानं, खांदा दुखावलेल्यानं ती जरूर घ्यावी. पण सहा इंचांची रुंदी, उलटा फिरणारा दांडा आणि अंगठ्यावरचा पंख यांच्यासाठी घ्यावी. वस्तीपासून दूर, दुकान शंभर मैलांवर असलेल्या रानात जाणाऱ्यानं रिकर्व्हच घ्यावा, कारण तिथे हातानं बदलता येणारी दोरी कुठल्याही कॅमपेक्षा मोठी. उभ्यानं मारणाऱ्यानं रिव्हर्स ड्रॉ हातात धरून पाहावा. तिघांनीही ४००च्या पुढच्या प्रत्येक वीस-पंचवीस फुटांसाठी मोजायचे पैसे धारदार ब्रॉडहेड, जुळणारे बाण आणि हंगामाआधीचा सराव यांवर खर्चावेत.

आणि वेग कितीही मिळाला तरी तो ४० यार्डांच्या आतच वापरावा. तिथे तो हरणाच्या बाजूचा असतो. त्यापलीकडे तो फक्त विकणाऱ्याच्या बाजूचा उरतो.